नागपूर ते मॉरिशस : एका तिकिटाचा हिशेब

आमच्या थोरल्या ताईच्या पहिल्या पासपोर्टवर दहा वर्षांत एकही शिक्का उमटला नाही. तो पासपोर्ट भाऊजींनी हौसेने काढविला होता, स्वतःचा आणि ताईचा एकाच दिवशी. इतवारीतील त्यांच्या घाऊक किराणा दुकानात गादीमागच्या भिंतीवर एके वर्षी एक दिनदर्शिका लागली होती. तिच्या मे महिन्याच्या पानावर मॉरिशसचा समुद्र होता. वर्ष संपले, दिनदर्शिका उतरली. पण ते एक पान भाऊजींनी कापून चौकटीत बसविले. "समुद्र खरोखर एवढा निळा असतो का, ते एकदा पाहून यायचे," असे ते म्हणत. दरवर्षी जाण्याचे ठरे आणि दरवर्षी काही ना काही आडवे येई. कधी तुरीचे भाव, कधी दिवाळीची खरेदी, कधी भागीदाराचे आजारपण. २०१७ साली भाऊजी गेले. पुढच्याच वर्षी त्या दोन्ही कोऱ्या पासपोर्टांची मुदत संपली.

मी राष्ट्रीयीकृत बँकेत चौतीस वर्षे नोकरी करून निवृत्त झालेला माणूस. कुटुंबात कोणताही हिशेब माझ्याकडे येतो आणि मीही तो मोठ्या आवडीने करतो. २०२२ च्या दिवाळीत मी जाहीर केले की, ताईला मॉरिशसला नेण्याची जबाबदारी माझी. ताई, मी, सौभाग्यवती, मुलगा, सूनबाई आणि दोन नातवंडे अशी सात माणसे ठरली. प्रवास डिसेंबरमध्ये, नाताळच्या सुटीत. या लेखात मॉरिशसचे वर्णन येईलच. पण त्याआधी माझ्या हातून झालेली एक चूक सविस्तर सांगणे मला आवश्यक वाटते. आपल्यापैकी अनेक कुटुंबे आता परदेश प्रवास करू लागली आहेत, आणि ही चूक हिशेबी माणसाच्या हातूनच होण्यासारखी आहे.

एकतीस हजार पाचशे रुपयांची बचत

नागपूरच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर आंतरराष्ट्रीय विमानतळावरून परदेशी जाणारी थेट विमाने मोजकीच, आणि तीही आखाताकडे जाणारी. मॉरिशसला जायचे तर आपल्याला आधी मुंबई गाठावी लागते. तेथून थेट विमान आहे. अंतर सुमारे ४,७०० किलोमीटर, वेळ साडेसहा-सात तास. आखातातील एखाद्या शहरावरून वळसा घालूनही जाता येते, पण वृद्ध माणसे बरोबर असता थेट विमानच बरे.

तिकीट दोन प्रकारे काढता येते. नागपूर ते मॉरिशस असे एकच तिकीट, एका आरक्षण क्रमांकावर. किंवा नागपूर-मुंबई वेगळे आणि मुंबई-मॉरिशस वेगळे. मुलाचे म्हणणे होते की एकच घ्यावे. मी कागद-पेन्सिल घेऊन बसलो. वेगवेगळी घेतली असता माणशी साडेचार हजार रुपये वाचत होते. सात माणसांचे एकतीस हजार पाचशे. "एवढ्या पैशांत तिकडे दोन दिवस गाडी होईल," असे मी मुलाला म्हणालो, आणि त्याने पुढे वाद घातला नाही. वडिलांनी चौतीस वर्षे लोकांच्या पैशांचा हिशेब ठेवला, त्यांना काय सांगायचे, असे त्यास वाटले असावे.

मुंबईला उतरल्यापासून दुसरे विमान सुटेपर्यंत मी चार तास ठेवले होते. ते मला भरपूर वाटले. परंतु डिसेंबरच्या त्या सकाळी नागपूरला ऊन होते आणि उत्तरेत धुके. आमचे विमान उत्तरेकडून यायचे होते. नागपूरचे आकाश निरभ्र, आणि विमान मात्र नाही! साडेतीन तासांनी आम्ही मुंबईला उतरलो. सामान पट्ट्यावर येण्यात अर्धा तास गेला. देशांतर्गत विमान एका इमारतीत आणि आंतरराष्ट्रीय दुसऱ्या इमारतीत. मध्ये मुंबईचा रस्ता आणि मुंबईची वाहतूक. आम्ही खिडकीशी पोहोचलो तेव्हा ती बंद झाली होती. विमान अजून जमिनीवर होते, पण आमच्यासाठी ते गेलेले होते.

तेथील कर्मचाऱ्याने सौम्यपणे नियम सांगितला. दोन तिकिटे वेगळी असल्याने पहिले विमान उशिरा आले, ही बाब दुसऱ्या कंपनीच्या दृष्टीने अस्तित्वातच नव्हती. त्यांच्या नोंदीत आम्ही केवळ न आलेले प्रवासी होतो. आणि जाण्याच्या तिकिटावर प्रवासी आला नाही म्हणजे त्याच तिकिटावरचे परतीचे आरक्षणही आपोआप रद्द होते, हे मला तेथे, त्या खिडकीपुढे उभे असताना कळले. सात तिकिटांचे तीन लाख आठ हजार गेले. विमानतळाचे कर म्हणून सत्तेचाळीस हजार काही महिन्यांनी परत आले. म्हणजे एकतीस हजार पाचशे वाचविण्यासाठी मी दोन लाख एकसष्ट हजार घालविले. हॉटेलची आगाऊ रक्कम यात धरलेली नाही.

पैशांचे दुःख हिशेबात मांडता येते. दुसरे मांडता येत नाही. साडेपाच वाजले तेव्हा ताईने पिशवीतून डबा काढला. चाळीस वर्षे तिने सूर्यास्तानंतर अन्न घेतलेले नाही. सामानाच्या ढकलगाडीशेजारी बसून तिने दोन दशम्या खाल्ल्या, घरून आणलेले गाळलेले पाणी प्याली आणि म्हणाली, "बरं झालं, डबा तरी होता." मला ती एक शब्दही बोलली नाही. बोलली असती तर बरे वाटले असते.

रात्री धर्मशाळेत मुक्काम केला. सकाळी नातवंडांनी आजीला जुहूच्या समुद्रावर नेले. करड्या-तपकिरी लाटांकडे ती बराच वेळ पाहत राहिली. मग चपला हातात घेऊन परत फिरताना म्हणाली, "हा नाही."

मार्जिन म्हणजे काय

कॅश क्रेडिटसाठी बँकेत येणाऱ्या व्यापाऱ्यास आम्ही एक गोष्ट नेहमी समजावीत असू. माल शंभर रुपयांचा असला तरी उचल पंचाहत्तरच मिळेल; पंचवीस टक्के मार्जिन तुमचे. व्यापारी कुरकुरत. "साहेब, माल तर पुरा आहे ना गोदामात!" मी सांगत असे की माल आज पुरा आहे, पण भाव उद्या पडू शकतो, उंदीर लागू शकतो, पाणी शिरू शकते. मार्जिन हे वाया गेलेले भांडवल नव्हे; जे आपल्या हातात नाही त्याची ती तरतूद आहे.

हेच तत्त्व मी स्वतःच्या प्रवासात विसरलो. चार तास ही माझी पुरी मालमत्ता होती आणि त्यावर मी जवळजवळ पूर्ण उचल केली होती. उशीर, सामान, इमारत बदलणे, वाहतूक, खिडकी एक तास आधी बंद होणे, ही सर्व वजावट आधी करावयास हवी होती. दुसरी चूक याहून मोठी. जोखीम कोणी घ्यावी हे तिकिटाच्या प्रकारावर ठरते. एका तिकिटावर दोन विमाने असतील तर पहिले चुकल्यास पुढची सोय करणे कंपनीवर येते. दोन वेगळ्या तिकिटांत ती जोखीम गिऱ्हाईक स्वतःकडे घेते, आणि त्या साडेचार हजार रुपयांत तिची किंमत अंतर्भूत असते. बचत म्हणून मी जे मोजले, ते खरे तर जोखीम पत्करण्याचा मोबदला होता, आणि तोही फारच तुटपुंजा.

दुसरी आखणी

दीड वर्ष मी तो विषय काढला नाही. २०२४ च्या मार्चमध्ये ताईनेच विचारले, "अरे, माझा नवा पासपोर्टही तसाच संपवायचा आहे का?" त्या दिवशी पुन्हा कागद घेतला.

प्रथम महिना ठरविला. मॉरिशस विषुववृत्ताच्या दक्षिणेस आहे, म्हणून तेथे आपल्या उलट ऋतू असतात. डिसेंबर-जानेवारीत तेथे उन्हाळा, आणि नोव्हेंबर ते एप्रिल वादळांचा काळ. त्यातही जानेवारी ते मार्च अधिक भीतीचा. मे ते ऑक्टोबर हवा थंड आणि कोरडी. नागपूर मे महिन्यात पंचेचाळीस अंशांवर असते, मुलांना सुटी असते, चातुर्मास अद्याप लागलेला नसतो आणि अक्षय तृतीयेचे पारणे आटोपलेले असते. व्यापारी घरास आणखी एक तारीख पाहावी लागते, ती म्हणजे वस्तू व सेवा कराच्या विवरणपत्राची. वीस तारखेचे विवरणपत्र भरून एकवीसला निघायचे, असे मुलाने सुचविले आणि मी ते विनातक्रार मान्य केले.

मग तिकीट. आम्ही देशांतर्गत विमानच वगळले. नागपूरहून रात्री दुरांतो एक्स्प्रेस पकडायची, सकाळी मुंबई, धर्मशाळेत पूर्ण एक दिवस आणि एक रात्र, मग दुसऱ्या दिवशी विमान. गाडी सहा तास उशिरा आली तरी फरक पडू नये, एवढे मार्जिन. ज्यांना वेळ कमी आहे त्यांनी नागपूरपासूनचे एकच तिकीट घ्यावे. मात्र तसे घेतल्यावर, 'समृद्धी महामार्गाने मोटारीने मुंबईला जाऊ आणि फक्त पुढचे विमान पकडू' असा विचार चुकूनही करू नये. पहिला टप्पा सोडला की पुढचे सर्व टप्पे रद्द होतात, हे आता माझ्याइतके कोणास ठाऊक नसेल.

वजनाचेही पाहावे. आंतरराष्ट्रीय तिकिटावर बहुधा तेवीस किलो किंवा त्याहून अधिक सामान नेता येते. देशांतर्गत तिकिटावर साधारण पंधराच. तिकिटे वेगळी असतील तर परतताना मुंबई-नागपूर टप्प्यावर जादा वजनाचे पैसे भरावे लागतात. आणि तिकीट एक असले तरी भारतात जेथे प्रथम उतरता, तेथे सामान ताब्यात घेऊन सीमाशुल्क तपासणीतून न्यावेच लागते.

नावाची बाब आपल्या समाजात विशेष जपण्यासारखी आहे. ताईच्या आधार कार्डावर आडनाव 'जैन' आहे आणि पासपोर्टवर सासरचे कुळाचे आडनाव. अनेक घरांत असेच असते. विमानाचे तिकीट पासपोर्टवरील अक्षरांप्रमाणेच काढावे. पतीचे वा वडिलांचे नाव मध्ये असेल तर तेही तसेच. पासपोर्टची मुदत प्रवासाच्या तारखेपुढे सहा महिने असावी, हा सर्वसाधारण दंडक पाळावा. पर्यटनासाठी जाणाऱ्या भारतीयांना मॉरिशसचा व्हिसा आगाऊ काढावा लागत नाही, पण परतीचे तिकीट, राहण्याची व्यवस्था आणि खर्चाची तरतूद यांचे कागद हाताशी असावे लागतात.

जेवणाच्या नोंदीत तर आपली माणसे हटकून फसतात. आरक्षण करताना आहाराची यादी येते. तीत 'हिंदू जेवण' असे दिसले की आपण विश्वासाने तेच निवडतो. परंतु विमान कंपन्यांच्या परिभाषेत त्या जेवणात बहुधा मांसाहार असतो, केवळ गोमांस नसते. 'आशियाई शाकाहारी' यात कांदा-बटाटा असू शकतो. आपल्यासाठी 'शाकाहारी जैन जेवण' अशी वेगळी नोंद आहे आणि तिचे सांकेतिक अक्षरनाम व्हीजेएमएल. ही नोंद प्रवासापूर्वी किमान एक-दोन दिवस करावी लागते, आणि विमानाची वेळ बदलली तर ती टिकली आहे की नाही, हे पुन्हा विचारून घ्यावे. तरीही डबा बरोबर असावाच. हे मी ताईकडून शिकलो.

पैशांबाबत बँकवाला म्हणून दोन शब्द. परदेशासाठी रक्कम नेताना रिझर्व्ह बँकेच्या उदारीकृत धनप्रेषण योजनेची मर्यादा एका व्यक्तीस एका आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलर आहे; सामान्य सहलीस ती कधी आड येत नाही. सहल-कंपनीकडून पूर्ण पॅकेज घेतल्यास उगमस्थानी कर गोळा केला जातो. तो खर्च नव्हे, आपल्याच कराची आगाऊ रक्कम होय. २६एएस विवरणात ती दिसते आणि प्राप्तिकर विवरणपत्रात वजा मिळते. दुकानाचा हिशेब पाहणाऱ्यास ती पावती आठवणीने द्यावी. फेब्रुवारी २०२४ पासून मॉरिशसमध्ये आपले यूपीआय आणि रुपे कार्ड सुरू झाले आहे. काही दुकानांत आम्ही त्यावर पैसे दिले, काही ठिकाणी ते चालले नाही. तेव्हा थोडी रोकड असावी. तेथील चलनही रुपयाच, पण आपल्या रुपयाहून महाग. नोटेवर इंग्रजीखेरीज तमिळ आणि देवनागरी अक्षरे पाहून नातवाने ती नोट सर्वांना दाखविली.

खिडकीतला सूर्य

यावेळी विमानात बसलो तेव्हा माझे तळहात ओले होते. दार बंद झाल्यावरच मी पाठ टेकली. शेजारी ताई, खिडकीपाशी. जैन जेवणाची पेटी तिच्यापुढे प्रथम आली. विशेष जेवणे आधी वाटतात, याचे तिला अप्रूप वाटले.

मॉरिशसचे घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास मागे आहे. आम्ही उतरणार होतो दिवसाउजेडीच. तरी हिशेबी मनास राहवेना. मी ताईला विचारले, "सूर्यास्त कुठला धरशील? नागपूरचा, की तिकडचा?" तिने खिडकीबाहेर बोट दाखविले. "मी जिथे बसले आहे, तिथला. यात हिशेब कसला?"

हिशेब पुढे करावा लागलाच. मे महिन्याच्या अखेरीस नागपूरला सूर्य पावणेसातच्या सुमारास मावळतो. मॉरिशसला मात्र साडेपाच-पावणेसहालाच, कारण तो तेथील हिवाळ्याचा आरंभ. हॉटेलांत रात्रीचे जेवण सातला सुरू होते. मी निघण्यापूर्वीच हॉटेलास लेखी कळविले होते की एका वृद्ध महिलेस सायंकाळी पाच वाजता साधे जेवण हवे, कांदा, लसूण, बटाटा आणि कोणतेही कंदमूळ नको. त्यांनी ते मान्य केले आणि पाळलेही. बाजारात खाण्यासाठी सूनबाईने दोन वाक्ये पाठ केली होती. तेथे फ्रेंच आणि क्रिओल बोलतात. "सां झोन्यों, सां लाय", म्हणजे कांद्याविना, लसणाविना. रस्त्यावर मिळणारी तेथील प्रसिद्ध डाळपुरी आपल्या पुरणपोळीची तिखट बहीण शोभावी अशी. आत वाटलेली डाळ भरलेली. पण तिच्याबरोबरच्या रस्स्यात कांदा-लसूण असतोच, तेव्हा नुसती पुरी घ्यावी आणि घरची चटणी लावावी. ताजी फळे, बिया, रोपे परवानगीशिवाय तेथे नेता येत नाहीत. खाकरे आणि दशम्या नेण्यास आम्हांस अडचण आली नाही.

विमानतळ बेटाच्या आग्नेयेस आणि आमचे हॉटेल उत्तरेस ग्रां बे येथे. तासाभराच्या वाटेवर दोन्ही बाजूंना ऊसच ऊस. गाडीचा चालक पन्नाशीचा होता. आमचे आपसातील बोलणे ऐकून तो मध्येच म्हणाला, "आमी पण मराठी." त्याची मराठी शाळेत शिकलेली होती, थांबत थांबत येणारी. मॉरिशसच्या शाळांत मराठी शिकवितात, गणेशचतुर्थीस तेथे सार्वजनिक सुटी असते, हे त्याने अभिमानाने सांगितले. पूर्वज कोठले, असे विचारता "कोकण" एवढेच त्याला ठाऊक होते. गावाचे नाव नव्हते.

दुसऱ्या दिवशी सकाळी ताई समुद्राकाठी गेली. बेटाच्या बहुतेक सर्व बाजूंनी प्रवाळाची भिंत आहे. मोठ्या लाटा दूर तिच्यावर फुटतात आणि आतले पाणी तळ्यासारखे शांत राहते. तळाची वाळू पांढरी, म्हणून वरचे पाणी आधी हिरवट, मग फिकट निळे, आणि भिंतीपलीकडे गर्द निळे. ती घोट्याएवढ्या पाण्यात उभी राहिली. आम्ही मागे थांबलो. बऱ्याच वेळाने वळली आणि म्हणाली, "छापणाऱ्याने रंग कमी घातला होता रे."

डोडो आणि नोंदवही

राजधानी पोर्ट लुईमध्ये दोन ठिकाणे मी आपल्या वाचकांना आवर्जून सुचवीन. पहिले तेथील निसर्ग-इतिहासाचे संग्रहालय. तेथे डोडो पक्ष्याचा सांगाडा आहे. हा जड, उडता न येणारा पक्षी जगात केवळ याच बेटावर होता. त्यास शत्रू नव्हता, म्हणून भीतीही नव्हती. १५९८ साली डच खलाशी उतरले. त्यांनी मारला तो मारलाच, शिवाय त्यांच्या जहाजांतून आलेल्या उंदरांनी, डुकरांनी आणि माकडांनी त्याची जमिनीवरची अंडी खाल्ली. शंभर वर्षांच्या आत पृथ्वीवर एकही डोडो उरला नाही. आठ वर्षांच्या नातीने विचारले, "मुद्दाम मारले का सगळे?" मी म्हणालो, काही मुद्दाम, पुष्कळसे बेपर्वाईने. ती म्हणाली, "म्हणजे न बघता चाललं तरी मरतात." पाठशाळेत तिला जे शिकविले असेल, ते तिला तेथे आठवले असावे. आम्हां मोठ्यांना तिच्या वाक्यात भर घालण्यासारखे काही नव्हते.

दुसरे ठिकाण बंदरावरील आप्रवासी घाट. २००६ साली तो जागतिक वारसा ठरला. आम्हां बँकवाल्यांना मॉरिशस हे नाव कानी आले ते दुहेरी करआकारणी टाळण्याच्या १९८२ च्या करारामुळे. भांडवल त्या वाटेने भारतात येई. परंतु त्याआधी दीडशे वर्षे भारतातून माणसे तिकडे गेली होती. मॉरिशसमध्ये १८३५ साली गुलामगिरी संपली आणि उसाच्या मळ्यांना मजूर हवे झाले. १८३४ ते १९२० या काळात जवळजवळ पाच लाख भारतीय करारबद्ध मजूर म्हणून या घाटावर उतरले. बहुसंख्य बिहार आणि उत्तर प्रदेशाकडचे, काही तमिळ व तेलुगू भागांतले, आणि मुंबईहून गलबतांत बसलेले आपले मराठी लोकही.

त्या दगडी पायऱ्या आजही आहेत. प्रत्येक मजुरास येथे एक क्रमांक मिळे. नोंदवहीत त्याचे नाव, जहाज, वय, उंची, गाव लिहिले जाई. या वह्या मोका येथील महात्मा गांधी संस्थेच्या दफ्तरात जपून ठेवल्या आहेत आणि तेथील कुटुंबे त्यांतून आपले मूळ शोधतात. लिहिणाऱ्या कारकुनास आडनावाची पद्धत कळत नसे. म्हणून मूळ पुरुषाचे नुसते नावच पुढे पिढ्यानपिढ्या आडनाव होऊन बसले. आमच्या चालकाचे आडनावही तसेच, कोण्या एका कोकणी माणसाचे घरगुती नाव. त्याने अजून त्या दफ्तरात जाऊन पाहिलेले नव्हते. मी त्याला म्हटले, "एकदा जा. वहीत गाव असेल."

मी चौतीस वर्षे खातेवह्या पाहिल्या. माणसाच्या संपूर्ण आयुष्याची एका ओळीत झालेली नोंद मी तेथे प्रथम पाहिली. जाताना बहुधा पाच वर्षांचा करार आणि परत येण्याची आशा. पण पुष्कळांचे परतणे झालेच नाही. त्या पायऱ्यांवर उभे असता मला माझ्या दोन लाख एकसष्ट हजारांची लाज वाटली. आमचे विमान चुकले, तर दीड वर्षाने दुसरे मिळाले. त्यांचे परतीचे जहाज चुकले ते कायमचे.

ताई सर्वांत खालच्या पायरीवर बराच वेळ उभी होती. वर येताना माझा हात धरून म्हणाली, "यांना कोणी विचारलं नसेल, कधी निघायचं ते. आम्हाला तर विचारायला माणूस होता, आणि आम्हीच दरवर्षी पुढे ढकललं."

शिल्लक

नागपूरला परतून दीड वर्षावर काळ लोटला आहे. या दुसऱ्या सहलीचा हिशेब मी वहीत लिहिला तेव्हा मुंबईचा जादा मुक्काम, रेल्वे आणि धर्मशाळा मिळून माणशी खर्च पहिल्या वेळेपेक्षा थोडा अधिकच दिसला. तो मी 'खर्च' या सदरात न मांडता 'मार्जिन' या सदरात मांडला आहे.

माझ्या व्यापारी बांधवांना एवढेच सुचवितो. तिकीट काढताना किंमत पाहाच, पण पहिले विमान चुकले तर दुसऱ्याचे काय होणार, हा प्रश्न आधी विचारा. वृद्ध माणूस बरोबर असेल तर वाटेत एक रात्र ठेवा. आणि जायचे असेल तर वीस तारखेचे विवरणपत्र भरून निघा. तुरीचे भाव स्थिर होण्याची वाट पाहत बसू नका.

परत आल्यावर ताईने कपाटातून भाऊजींचा जुना पासपोर्ट काढला. कोरा, मुदत संपलेला. आपला शिक्के उमटलेला पासपोर्ट तिने त्याच्यावर ठेवला, दोन्हींना एक रबरबँड लावला आणि पुन्हा कपाटात ठेवून दिले. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "चल, जेवून घे. पावणेसात होत आले."